मामांचं गवताचं लोणचं

"वास घे, मग बोल."

हे शब्द कानावर पडायच्या आधीच मामांची मूठ नाकाखाली आलेली असायची. मुठीत काय असेल याचा नेम नसे. कधी ओलं गवत, कधी शेंगदाण्याची पेंड, कधी वासराचं शेण. हो, शेणसुद्धा. मी कुंभकोणमच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, त्यामुळं माझं नाक काही नाजूक नव्हतं. पण सकाळी ओट्यावर बसून कॉफीचा पहिला घोट घ्यावा आणि समोरून ही मूठ यावी, हे काही बरं नव्हे. मी तसं त्यांना सांगितलंही. त्यावर ते म्हणाले की तुझ्या कॉफीत चिकोरी जास्त आहे, हा वास तिच्यापेक्षा चांगला आहे.

तुम्हीही अशी एक-दोन माणसं पाहिली असतील. पायरीवर चप्पल वाजली की घरातली माणसं एकमेकांकडं बघतात, कारण आता अर्धा तास तोंडाचा पट्टा थांबणार नाही. आणि एखाद्या दिवशी ती चप्पल वाजली नाही की त्याच घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं. मामा त्यांतले.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या गल्लीत तमिळ रिवाजाप्रमाणं वडीलधाऱ्या पुरुषाला मामा म्हणायचं आणि त्याच्या बायकोला मामी. घर मात्र आमच्यासारखंच मराठी. पूर्वज कधी काळी तंजावरच्या राजांमागून आले आणि इकडंच राहिले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. आमची मराठी ऐकून पुण्याकडचा माणूस हसतो. 'सगळे'ऐवजी आम्ही 'अस्के' म्हणतो, 'इथं'ला 'हिंगे' म्हणतो आणि 'तिथं'ला 'तिंगे'. हसू दे बापड्याला. मामा याच मराठीत अशा काही बाता मारायचे की ऐकणाऱ्याला भाषेकडं लक्ष द्यायला सवड मिळायची नाही.

त्यांचं अर्धं आयुष्य त्रावणकोरच्या डोंगरात, रबराच्या मळ्यावर देखरेखीच्या कामात गेलं होतं. एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर ते कायमचे कुंभकोणमला परत आले. डोंगरातला हत्ती त्यांना वाट सोडून बाजूला उभा राहायचा, मळ्याचा गोरा साहेब त्यांना विचारल्याशिवाय दाढीसुद्धा करायचा नाही, असं त्यांच्या तोंडून आम्ही ऐकत आलो. मामी आत पान लावत बसलेल्या असायच्या. मामांची बात हत्तीपर्यंत पोचली की त्या आतूनच एवढंच विचारायच्या, "झालं?" मग मामा हत्तीवरून उतरून कॉफी मागायचे.

गावाला लागून एका जुन्या छत्राची गोशाळा होती. छत्र म्हणजे वाटसरूंना जेवू घालणारी धर्मशाळा, राजांच्या वेळची. तिच्या गाई, वासरं, थोडी जमीन, सगळं एका धर्मकर्त्यांच्या, म्हणजे विश्वस्तांच्या, हाती होतं. ते तमिळ गृहस्थ, कडक, कमी बोलणारे, पण खोटेपणा ठाऊक नसलेले. रिकामे बसून कंटाळलेल्या मामांनी त्यांच्याकडं जाऊन गोशाळा मागून घेतली. पगाराचं काय ठरलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून गोशाळेतला माणूस न् माणूस नाकाखाली मूठ घेऊ लागला.

आता गोशाळेचं दुखणं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्याकडं ऐप्पसी-कार्तिकात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, पाऊस असा कोसळतो की बांधाबांधावर गवत कमरेएवढं होतं. गुरं खाऊन खाऊन कंटाळतात. पण ते वाळवून ठेवावं म्हटलं तर ऊन कुठं आहे? कापून टाकलं की दोन दिवसांत काळं पडून कुजायचं. मग चित्रै-वैकासीत, म्हणजे भर उन्हाळ्यात, कावेरीची नुसती वाळू उरते, हिरवं पान दिसत नाही, आणि गुरांपुढं भाताचा पेंढा पडतो. मोठी गाय त्यावर कशीबशी तगते. वाढत्या वासराचे मात्र हाल कुत्रा खात नाही. पोट डेऱ्यासारखं, पाठीचा कणा वर आलेला, केस रखरखीत, हगवण. आणि सर्वांत वाईट म्हणजे डोळे. हिरवा चारा तुटला की वासरांना रातांधळेपण येतं. दिवे लागायच्या वेळेला ती खांबावर आपटायची, पाण्याच्या हौदात पाय घालायची. मी दवाखान्यातून माशाचं तेल न्यायचो, पाजायचो. पण एवढ्या वासरांना ते कुठवर पुरणार?

म्हणून दरसाल वैकासीत घाटापलीकडचा एक व्यापारी यायचा आणि अशक्त वासरं घेऊन जायचा. पलीकडं त्यांचं काय होतं हे कुणी विचारत नसे, कारण ते सगळ्यांना ठाऊक असे. धर्मकर्ते त्या दिवशी जेवत नसत. पण उपाशी मरू द्यायची की पाठवायची, यांतलं दुसरं त्यांना कमी पापाचं वाटायचं, आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

मामांनी तो पहिला वैकासी पाहिला. वासरं गाडीत चढवताना ते तिथंच उभे होते. गाडी गेल्यावर धर्मकर्त्यांकडं गेले आणि म्हणाले की पुढच्या वैकासीत त्या व्यापाऱ्याला रिकाम्या हातानं परत पाठवीन, नाही तर गोशाळेची किल्ली तुमच्या पायाशी ठेवीन. धर्मकर्त्यांनी विचारलं, चारा आणणार कुठून? मामा म्हणाले, पावसाळ्यातूनच.

त्यांचा बेत असा. मळ्यावरच्या गोऱ्या साहेबानं दुधासाठी गाई पाळल्या होत्या. त्या डोंगरात तर बारा महिने पाऊस. साहेब हिरवं गवत कापून, खड्ड्यात घट्ट दाबून, वरून माती लिंपून ठेवायचा आणि महिन्यांनी काढून घालायचा. नुसतं दाबलं तर ओलं गवत सडतं. म्हणून तो त्यावर पाण्यात कालवलेलं फॉर्मिक ॲसिड शिंपडायचा. रबराच्या झाडाचा चीक ज्या ॲसिडनं विरजतात तेच हे. मुंगी चावल्यावर जे झोंबतं तेही हेच. त्यानं गवत पहिल्या दिवसापासून आंबट होतं, मग सडवणारा जंतू तिथं टिकत नाही, आणि गवताचं सत्त्व आणि हिरवेपण बरंचसं आत राहतं. महाराष्ट्रात अशा चाऱ्याला मुरघास म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. गोशाळेतल्या बायकांनी ऐकताक्षणी त्याला नाव दिलं, 'माट्टु ऊरुकाय', म्हणजे गुरांचं लोणचं.

ॲसिड आलं आगगाडीनं. वेताच्या टोपलीत पेंढा भरून बसवलेला काचेचा भलामोठा बुधला. मामांनी स्टेशनवर हमालांना आधीच सांगून ठेवलं होतं की हा फुटला तर फलाटाला भोक पडेल. झालं! एकही हमाल त्याला हात लावीना. शेवटी मामांनी आणि मी तो उचलला आणि बैलगाडीत ठेवला. मामा वाटभर त्याला मिठी मारून बसले होते. कुणी विचारलं तर सांगायचे, मुंग्यांचं पाणी आहे. विचारणारा गाडीपासून चार हात दूर व्हायचा.

खड्डा उंचवट्यावर खणला, म्हणजे खालून पाणी यायला नको. पावसानं दोन-तीन दिवस उसंत दिली तशी कापणी सुरू झाली. बांधावरचं गवत आणि चोळम, म्हणजे आपली ज्वारी. बायका कोयत्यानं बोटाएवढे तुकडे करायच्या, गडी थर पसरायचे, मामा मडक्यातून नारळाच्या हिरांच्या झाडूनं ॲसिडचं पाणी शिंपायचे, आणि मग सगळ्यांनी मिळून तुडवायचं. मडकं अशासाठी की पत्र्याची झारी त्या पाण्यानं खाऊन टाकली असती. मामांनी हातांना जाड फडकं गुंडाळायची सक्ती केली होती आणि स्वतःच ते कपाळाला बांधून फिरत होते. व्हायचं तेच झालं. ॲसिडचा शिंतोडा बोटांवर उडाला, कातडी पांढरी पडली, मी धावत जाऊन पाण्याची धार धरली आणि पट्टी बांधली. ते पट्टीचा हात उंच धरून सगळ्यांना दाखवत सुटले, की बघा, जे माझ्या कातडीला सोसत नाही ते सडक्या जंतूला काय सोसणार. त्यांच्या धोतराची तर चाळण झाली होती. मामींनी ते दोरीवर वाळत घातलं आणि त्यातून पलीकडचा पारिजात बघत बसल्या. 

वरून लिंपायची माती मामांनी स्वामीमलैहून आणवली. तिथले मूर्तिकार कावेरीच्या काठची गाळाची माती साच्यांना वापरतात. लोण्यासारखी मऊ, आणि वाळली की चीर जात नाही. देवाचा साचा जिनं सांभाळला ती माझा खड्डा सांभाळेल, असं म्हणत त्यांनी त्यावर शेवटचा हात फिरवला, आणि खड्ड्याची पाठ एखाद्या हत्तीसारखी गुळगुळीत झाली.

गावात कुजबुज होतीच. आंबलेलं, पुरून ठेवलेलं गवत गोमातेला घालायचं म्हणजे पाप, असं देवळातले दोघेतिघे धर्मकर्त्यांना सांगून आले. मामांनी त्यांना गाठून विचारलं की तुम्ही रोज ताकभात खाता तो कसला असतो? तेव्हापासून ते मामांना बघितलं की दुसऱ्या रस्त्यानं जायचे. एरवी मामा जो भेटेल त्याला खड्ड्याचं माहात्म्य ऐकवायचे. खड्ड्यात गाईंचा प्राण आहे, खड्डा म्हणजे अन्नपूर्णा, खड्ड्यावर पाय पडला तर नमस्कार करा. गोशाळेतली माणसं डोळे मोठे करून ऐकायची.

आणि इथंच घात झाला.

मकरसंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं माट्टु पोंगल असतो, गाईगुरांचा सण. शिंगं रंगवायची, हळदकुंकू लावायचं, पोंगल, म्हणजे गूळभात, रांधून गुरांना भरवायचा. त्या दिवशी मामा आणि मामी तिरुवलंचुळीला मामांच्या बहिणीकडं गेले होते. गोशाळेतल्या बायकांनी विचार केला, गाईंची पूजा झाली, मग ज्या अन्नपूर्णेच्या पोटात गाईंचा प्राण आहे तिची नको? त्यांनी खड्ड्यावर रांगोळी काढली. चार कोपऱ्यांना चार उंच ऊस उभे केले. आणि पावसानं मऊच राहिलेल्या स्वामीमलैच्या त्या मातीत ऊस कसे छान रुतले म्हणता! थेट आतल्या गवतापर्यंत. मधोमध चूल मांडून पोंगलही शिजवला. तिच्या धगीनं माती तडकली ती निराळीच.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा बरोबरच गोशाळेत शिरलो. ऊस डौलात उभे होते, त्यांना झेंडूच्या माळा होत्या. बायका ओळीनं उभ्या होत्या, शाबासकी ऐकायला. खड्ड्याला चार भोकं आणि मध्ये भेग. आत हवा गेली की लोणच्याचा उकिरडा व्हायला वेळ लागत नाही, हे मामांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. रंग पार उतरला होता. आता यांचा पट्टा सुटणार आणि बायका रडत घरी जाणार, असं समजून मी डोळे मिटायच्या बेतात होतो.

मामांनी हात जोडून खड्ड्याला प्रदक्षिणा घातली. प्रसादाचा पोंगल मागून घेतला, दोनदा घेतला, आणि असा पोंगल त्रावणकोरच्या महाराजांच्या ताटातही पडत नाही असं सांगितलं. बायका खूश होऊन कामाला गेल्या. त्या नजरेआड झाल्यावर त्यांनी एक ऊस उपटला आणि भोकात बोटं घातली. आत ऊन लागत होतं. गवत तापायला लागलं होतं.

"यांना कळता कामा नये," ते मला म्हणाले. "अस्के मनापासून केलंय त्यांनी. बडबड माझी होती."

एवढ्या वर्षांत त्यांनी हळू आवाजात बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला ते इतके आवडले की काय सांगू.

मग आम्ही दोघांनी कोपरे उकरले. काळं, बुरशी धरलेलं गवत काढून फेकलं, कडेनं उरलेलं ॲसिड पाण्यात कालवून शिंपलं, पुन्हा तुडवलं, पुन्हा मातीनं लिंपलं. मामा वयाला न शोभेल असे त्यावर उड्या मारत होते. बायकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, पूजा झाली, आता अन्नपूर्णेला नवं वस्त्र. मध्यावर किती खोल बिघडलं आहे हे मात्र उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उघडलं तर आणखी हवा जाणार. म्हणजे वाट बघणं आलं. खड्डा बिघडल्याचं त्यांनी धर्मकर्त्यांपासून लपवलं नाही. आपल्या हयगयीनं माती तडकली, एवढंच सांगितलं. धर्मकर्त्यांनी व्यापाऱ्याला वैकासीचा निरोप पाठवून दिला. तो त्यांच्या स्वभावाला धरूनच होता.

त्या तीन-साडेतीन महिन्यांत मामा रोडावले. ओट्यावर यायचे, बसायचे, पण हत्ती काही वाट सोडायला येत नसे. एकदा तर मामींनीच आतून विचारलं, "आज काही सांगायचं नाही का?" मी तोवर कुणा बाईला नवऱ्याच्या बाता मागून घेताना पाहिलं नव्हतं.

चित्रैच्या मध्यावर बांध पिवळे पडले, वासरांच्या केसांची तकाकी जायला लागली, तेव्हा खड्डा उघडायचं ठरलं. धर्मकर्ते छत्री घेऊन येऊन उभे राहिले. देवळातले तेही आले होते, बघायला. गड्यांनी माती ओढली. वरचा थर काळा, चिकट, घाण. मध्यावर तर हातभर खोल तसाच. पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी चुकचुकलं.  मामांनी गड्याच्या हातून फावडं ओढून घेतलं, धोतराचा काचा मारला आणि खड्ड्यात उतरले.

काळं संपलं. खाली पिवळसर हिरवं गवत लागलं, आपल्या लोणच्यातल्या कैरीच्या सालीसारखं. देठ न् देठ वेगळा दिसत होता. आणि वास आला तो थेट वर उभ्या असलेल्या आमच्यापर्यंत. ताज्या ताकाचा, थोडा पिकल्या फळाचा. मामांनी मूठ भरली, वर चढले आणि सरळ धर्मकर्त्यांच्या नाकाखाली धरली. कडक इस्त्रीचं उपरणं घेतलेल्या त्या माणसाच्या नाकाखाली आजवर फक्त देवाचं तीर्थ आलं असेल. त्यांनी डोळे मिटले आणि वास घेतला.

पण वासरांनी घात केला. टोपली पुढं ठेवली, त्यांनी हुंगलं आणि तोंडं फिरवली. देवळातल्यांना केवढा आनंद! मामांनी मूठभर पेंढा त्यात कालवला, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि जरा लांब जाऊन बसले. गोशाळेत एक कबरी कालवड होती. दोरीवरची लुगडी खाणारी, माझा टॉवेलही खाल्लेली. तिनं तोंड घातलं, चावलं, थांबली, आणि मग टोपलीतून मान वर काढीच ना. दुसरी आली, तिसरी आली. थोड्या वेळानं टोपली उलटी झाली तरी ती तळ चाटत होती. मामांनी तमिळमध्ये, मराठीत आणि मळ्यावरच्या इंग्रजीत एकदमच काहीतरी ओरडून सांगितलं. त्यातला एक शब्द कुणाला कळला नाही आणि सगळे हसले.

त्यानंतर मामा रोज हिशेबानं घालत गेले. जी वासरं रवंथ करतात त्यांनाच, अगदी तान्ह्यांना नाही. आधी थोडं, मग वाढवत, पेंढ्याबरोबर. मी रोज फेरी मारायचो. माझं कामच मला उरलं नाही म्हणा ना. हगवण थांबली. केसांवर हात फिरवला की तो घसरायला लागला. बरगड्या दिसेनाशा झाल्या. माशाच्या तेलाची बाटली दवाखान्यातल्या फळीवर तशीच राहिली.

वैकासी आला आणि ठरल्याप्रमाणं व्यापारीही आला. दिवेलागणीची वेळ होती. धर्मकर्ते त्याच्याबरोबर होते. मामांनी त्या दोघांना दाराशी उभं केलं आणि गड्याला सांगून गोठ्याच्या दारात गुडघाभर उंचीवर एक बांबू आडवा बांधला. तिथं बांबू कधीच नसायचा. वासरांना तो ठाऊक असणं शक्य नव्हतं. उजेड इतका कमी की मलाच तो नीट दिसत नव्हता. मग मामांनी आतून वासरांना हाक घातली.

मागल्या वर्षी याच वेळेला यांची भावंडं खांबावर डोकी आपटत होती.  पहिली कालवड दारापाशी आली, थांबली, बांबूकडं मान खाली करून बघितलं, आणि एक पाय उचलून पलीकडं टाकला. मग दुसरा. तिच्यामागून दुसरी, मग गोऱ्हे, मग सगळी. एकही अडखळलं नाही. शेवटचं एक गोऱ्हं तर उगाचच उंच उडी मारून गेलं, नुसता माज म्हणून.

व्यापाऱ्यानं एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले. इमानी माणूस होता. धर्मकर्त्यांना म्हणाला की ही माझ्या गाडीत बसवायची जनावरं नव्हेत, पुढं यांच्या गाई होणार आहेत, मला पुन्हा बोलवू नका. आणि रिकामी गाडी घेऊन गेला. गाडीची चाकं वळली तेव्हा गोशाळेतल्या बायकांनी जी कुलवै घातली, मंगलकार्यात जिभेनं काढतात तो आवाज, ती बाजारापर्यंत ऐकू गेली असेल. मी कंपाउंडर, सरकारी नोकर, तरी मीही ओरडलो. काय ओरडलो ते विचारू नका.

धर्मकर्ते मात्र तसेच उभे होते. मग मामांकडं वळून त्यांनी विचारलं, "पुढचा खड्डा कुठं खणायचा?"

 मामांनी नुसता हात करून कुठलीशी दिशा दाखवली, आणि उपरण्यानं डोळे पुसले. त्या दिवशी धर्मकर्ते गोशाळेतच जेवले. वैकासीतल्या त्या दिवशी ते कितीतरी वर्षांनी जेवत होते.

पुढच्या पावसाळ्यात दोन खड्डे झाले, त्यापुढं आडुतुरैकडचे शेतकरी बघायला येऊ लागले. माट्टु पोंगलाला खड्ड्याची पूजा चालूच राहिली. मामांनी ऊस रोवायला चार रिकामी मडकी वाळूनं भरून देऊ केली आणि अन्नपूर्णेला मडक्यातला ऊस जास्त आवडतो असं ठोकून दिलं. बायकांना खरं कारण कधी कळलं नाही. हत्तीही ओट्यावर परत आला. आता तो मामांच्या खड्ड्यातलं गवत मागायला यायचा. "झालं?" असं मामी विचारायच्या, पण बऱ्याच उशिरानं.

मामा गेले ते चार दिवसांच्या तापानं. तोवर त्या पहिल्या उन्हाळ्यातल्या कालवडी व्यालेल्या होत्या आणि छत्रातल्या वाटसरूंच्या ताटात त्यांचं ताक पडत होतं. मामांना मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य पुतण्यानं केलं. आमच्याकडं त्या कार्यात गोदान असतं. मेलेल्याच्या नावानं गुरुजींना गाय द्यायची, तिच्या शेपटीला धरून तो पलीकडं जातो म्हणतात. धर्मकर्त्यांनी कुणी न सांगता त्या कालवडींपैकी एक पाठवली. पाठवली कसली, स्वतः बरोबर आले. तांबडी, भरल्या अंगाची, शिंगांना हळद, गळ्यात माळ. सगळी गल्ली बघत राहिली. याच्याहून मोठा मान कुणाला मिळणार, असं मलाही वाटलं.

गुरुजींनी दोर घ्यायला हात पुढं केला, आणि मामी आतून दारात आल्या. त्या दिवसांत बायका अशा बाहेर येत नसत. त्यांनी गाईकडं बघितलं, मग धर्मकर्त्यांकडं.

"तिंगून एक वासरू ह्यांनी जाऊ दिलं नाही," त्या गोशाळेकडं हात करून म्हणाल्या. "आता ह्यांच्या नावानं मीच कशी घालवू?"

गुरुजींनी हात मागं घेतला. मग गुरुजीच म्हणाले की शास्त्रात गाईऐवजी नारळ चालतो, आणि पुतण्यानं नारळ ठेवला. मामी आत गेल्या.

धर्मकर्त्यांनी गाईचा दोर स्वतःच्या हातात घेतला आणि तिला गोशाळेकडं वळवलं. इतक्या वर्षांत त्यांनी जनावराचा दोर धरलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी दारात पंगतीतली उष्टी केळीची पानं पडली होती, तिथं गाय थांबली आणि खाऊ लागली. गडी तिला हाकायला पुढं झाला. धर्मकर्त्यांनी त्याला हातानं थांबवलं, आणि तिचं खाऊन होईपर्यंत ते उन्हात उभे राहिले.